सतरावी तार

“पुसून टाका,” साहेब म्हणाले.

“नाही टाकणार,” तारवाली म्हणाली.

हॉस्पिटलात तिला नावानं कुणी हाक मारत नसे. तळमजल्यावरच्या खोलीत एकोणीस वर्षं ती एका स्विचची राखण करत होती. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. इमारतीतल्या सगळ्या कॉम्प्युटरच्या आणि घंटांच्या तारा जिथे येऊन मिळतात ती चपटी पेटी. कुठल्या तारेनं कुणाशी बोलायचं, हे पेटीतल्या एका फायलीत लिहिलेलं. ती फाइल तारवालीनं ओळीला ओळ जोडत वाढवली होती. सतराव्या तारेपुढे लिहिलं होतं : ‘चौथा वॉर्ड, पेशंटच्या घंटा. हात लावण्याआधी विचारा.’

तीच पुसायची होती. साहेब मुख्यालयातून सगळ्या हॉस्पिटलांसाठी एकच फाइल घेऊन आले होते. एका मापाचे बूट सगळ्या पायांना बसतात, अशी मुख्यालयाची श्रद्धा होती. तिथे कुणी फारसं चालत नसे.

“तुमच्या फायलीत सतरावी तारच नाही,” ती म्हणाली.

“बाई, तज्ज्ञांनी केलीय ती.”

“मग तज्ज्ञांना झोपवा की एक दिवस चौथ्या वॉर्डात.”

“स्टोअरमध्ये कीबोर्ड मोजायला पाठवीन!”

“लेखी द्या.”

साहेबांनी स्वतःच लॅपटॉप उघडला. तेवढ्यात तारवालीनं आपला कॉम्प्युटर निळ्या केबलनं थेट पेटीला जोडून एक ओळ टाइप केली : दहा मिनिटांनी आपोआप बंद पडून पुन्हा सुरू हो. परक्या फायलीशी गाठ असली, की परतीची वाट राखायची ही तिची जुनी सवय. चढवलेली नवी फाइल वेगळी सेव्ह केली नाही, तर पेटी उठते ती जुनीच फाइल वाचत.

साहेबांनी फाइल चढवली. तीन मिनिटांत चौथ्या वॉर्डची सिस्टर धापा टाकत आली.

“अगं तारवाले, घंटा मेल्या सगळ्या! बारा नंबरची आजी बटण दाबून दाबून रडकुंडीला आलीय.”

“प्रत्येक खोलीत एक माणूस उभं कर. सात मिनिटं फक्त.”

सिस्टर पळाली. इकडे साहेबांचा लॅपटॉपही गप्प झाला होता. नव्या फायलीनं त्यांचाच पेटीपर्यंतचा रस्ता बंद केला होता.

“ती केबल द्या इकडे. आधी सेव्ह करू, घंटांचं मग बघू.”

तारवालीनं केबल उपसली, गुंडाळून मांडीवर घेतली आणि स्टुलावर बसली.

“नाही.”

“हा आदेश आहे!”

“ऐकला. नाही.”

साहेबांनी चौकशी काढली, बदली काढली, पेन्शन काढली. तिनं घड्याळ पाहिलं.

“पेन्शनचं चार मिनिटांनी बोलू.”

पेटीचे दिवे विझले. मग एकेक हिरवा होत गेला. सतरावा सगळ्यांत शेवटी. वरच्या मजल्यावर घंटा वाजली, लगेच दुसरी.

सिस्टर परत येऊन दारात उभी राहिली. “आता पुन्हा घालताय का साहेब, तुमची फाइल?”

साहेबांनी लॅपटॉप मिटला आणि बदलीचा फॉर्म काढला. स्टोअर, आजपासून. ‘कारण’ या रकान्याशी मात्र पेन अडलं.

तारवालीनं कागद ओढून घेतला, रकान्यात ‘सतरावी तार’ असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. निळी केबल खुंटीला नीट अडकवली. जिना चढताना चौथ्या वॉर्डची घंटा पुन्हा वाजली. बारा नंबरच असणार. ती न थांबता स्टोअरकडे वळली.