न घेतलेल्या वस्तूंची पेटी

धाकटीचा जीव सगळ्या घरात एकाच प्राण्यावर होता, आणि तो प्राणी रोज दुपारी दीड वाजला की उठून शेजारच्या दारात जायचा. शेजारच्या म्हणजे तिच्या थोरल्या जावेच्या! गल्लीत इतकी दारं पडली असताना मेल्याला नेमकं तेच सापडलं.

कुत्र्याचं नाव भोपळ्या. नावासारखाच, गोल आणि पिवळट. धाकटी घरी बसून शाळेचे गणवेश शिवायची आणि हा दिवसभर मशीनखाली पसरलेला. लग्न होऊन आल्यापासून तिनं एकच ऐकलं होतं. थोरलीच्या हाताला चव, थोरलीचं घर म्हणजे आरसा, थोरली चर्चमध्ये प्रार्थनेला उभी राहिली की सगळी मंडळी डोळे पुसते. सासूबाई गेल्या त्याही थोरलीचा हात धरून. ऐकून ऐकून धाकटीचे कान किटले होते. भोपळ्या तेवढा निखालस तिचा होता, आणि आता तोही फितूर झाला.

"काहीतरी चमचमीत घालत असणार," ती नवऱ्याला म्हणाली. "उगीच का जातो?"

"अगं, दादा गेल्यापासून वहिनी एकट्या. त्यांचा म्हातारा कुत्राही गेल्या वर्षी गेला. जात असेल सोबतीला."

"घ्या, तुम्हीही तिचीच बाजू घ्या!"

त्यात ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला. यंदा चर्चच्या पाळकबाईंनी मंडळीला नवाच नेम घालून दिला होता. चाळीस दिवस काहीही विकत घेताना दुकानातच स्वतःला तीन प्रश्न विचारायचे. हे खरंच लागतं का? बनवणाऱ्याला त्याचं न्याय्य मोल मिळालं का? आणि घेतोय ते प्रेमापोटी, की कुणाच्या नाकावर टिच्चून? जे घ्यावंसं वाटलं पण घेतलं नाही, ते चिठ्ठीवर लिहून, नाव न घालता, चर्चच्या दाराजवळच्या पेटीत टाकायचं. शेवटच्या रविवारी चिठ्ठ्या वाचल्या जाणार होत्या.

धाकटीनं पहिल्याच रविवारी चार चिठ्ठ्या टाकल्या. 'नवी इस्त्री घेतली नाही.' जुनी छान तापत होती आणि नवीचा विचार तिच्या स्वप्नातही नव्हता. पण थोरलीनं एकच चिठ्ठी टाकलेली तिनं पाहिली होती ना!

पाचव्या आठवड्यात मात्र तिचा धीर सुटला. प्राण्यांच्या दुकानात जाऊन तिनं झुपकेदार कुत्र्याचं चित्र असलेला खाऊचा महागडा डबा उचलला आणि एक चकचकीत साखळी. लागतं का? लागतंच! बनवणाऱ्याचं तिला काय ठाऊक, डब्यावर कुत्र्याचंच चित्र होतं. तिसऱ्या प्रश्नाशी मात्र ती जरा घुटमळली. मग म्हणाली, 'प्रेमापोटीच, दुसरं काय?' आणि काउंटरकडे वळली.

भोपळ्यानं डब्यातलं सगळं चाटूनपुसून खाल्लं आणि दीड वाजता अंगणात बांधलेल्या साखळीच्या टोकाशी जाऊन उभा राहिला, कुंपणाकडे तोंड करून. कण्हत होता. कुंपणापलीकडे थोरली पायरीवर येऊन बसली होती. तिनं साखळी पाहिली, थोडा वेळ बसली, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

"जिरली!" धाकटी मशीनवर बसत पुटपुटली. त्या दुपारी तिनं एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

शेवटच्या रविवारी पाळकबाई एकेक चिठ्ठी वाचू लागल्या. कुणी बूट घेतले नव्हते, कुणी पडदे. धाकटीची इस्त्री आली नि गेली, कुणी मानही हलवली नाही. मग पाळकबाई एका चिठ्ठीशी थबकल्या.

"कुत्र्याचं पिल्लू घ्यायचं ठरवलं होतं. दुकानात पाहूनही आले. पण पहिल्याच प्रश्नाला अडले. शेजारचा कुत्रा दुपारी येतो आणि तासभर माझ्या पायावर डोकं टेकून झोपतो. त्याला मी काही खायला घालत नाही, तो दुसऱ्याचा आहे. मला तेवढं पुरतं."

"आमेन," सगळी मंडळी म्हणाली.

खरं सांगायचं तर धाकटीच्या मनात आधी हेच आलं, की बघा, आमेनसुद्धा हिलाच! आणि मग तिच्या कानशिलांना आग लागली. पुढच्या बाकावर थोरली मान खाली घालून बसली होती.

बाहेर पडताना थोरलीनं तिला गाठलं. "भोपळ्या बरा आहे ना गं? आठ दिवस दिसला नाही, म्हणून विचारलं."

"बरा आहे, ताई," धाकटी म्हणाली.

घरी येऊन तिनं जेवणसुद्धा केलं नाही. दीड वाजला तशी वाकून साखळी सोडली. वाटलं होतं, घुटमळेल, निदान एकदा हात चाटेल. कसलं काय! एकदाही मागे न बघता भोपळ्या कुंपणाखालून पसार झाला.

"आलास रे बाबा?" पलीकडून थोरलीचा आवाज आला. हा आवाज धाकटीनं इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता. प्रार्थनेत सगळ्यांना रडवणारी ती बाई स्वतः रडत होती.

धाकटीनं बटणांचा डबा आणि चार सदरे काखोटीला मारले आणि ती पलीकडे गेली.

"ताई, तासभर इथं बसू? हा घरात नसला की मला शिवण सुचत नाही."

थोरलीनं डोळे पुसले आणि पायरीवर सरकून जागा केली. भोपळ्या दोघींच्या मध्ये आडवा झाला. डोकं थोरलीच्या पायावर, शेपटी धाकटीच्या. धाकटीनं ते बघितलं, चांगलं दोनदा बघितलं. मग तिनं सुईत दोरा ओवला.