वायकमच्या बाईंना पाठवलेली बट

"अख्ख्या लंडनात मिस्टर व्हेरिंडरांची पत्रं त्यांच्यापेक्षा चांगली लिहिणारा एकच माणूस आहे, आणि अकरा वर्षांत त्याला कुणी पकडलेलं नाही," असं मी थिएटरच्या मागच्या दारावरच्या फिंचला सांगत होतो.

फिंच म्हणाला, "मग वर जा. वायकमहून एक बाई आलीय त्या पत्रांचा गठ्ठा घेऊन. साहेबांसमोर बसलीय."

मी तसाच जिन्याकडे वळलो.

मी एनॉक टॅरंट, व्हेरिंडरसाहेबांचा रंगपटातला माणूस. त्यांना कपडे चढवायचे, टोप बसवायचा आणि स्टेजवर ते अडले की विंगेतून पुढची ओळ पुरवायची. चाहत्यांची पत्रं शेगडीत घालायची, हेही माझंच काम. साहेबांचा तसा हुकूमच होता. आता, माझ्या नावानं उभ्या जन्मात एकच पत्र आलं, तेही शेजारच्या गल्लीतल्या टॅरंटचं निघालं. लोकांनी जीव ओतून लिहिलेलं जाळायला माझा हात कसा धजावणार? मी उत्तरं लिहायला लागलो. खाली सही साहेबांची. साहेबांना पत्ता नाही. कुणी आठवण म्हणून केसांची बट मागितली, तर तीही धाडायचो. साहेबांच्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून नाटकातल्या शिपायांच्या जुन्या टोपातून कापायचो.

हे उघडं पडलं की मी रस्त्यावर. साठीच्या लंगड्या माणसाला दुसरं कोण ठेवून घेणार?

वर गेलो. दुपारचा खेळ नुकताच संपला होता. साहेब राजाच्या झग्यातच बसलेले. समोर मिसेस क्लोक, बोटांना घट्टे, मांडीवर पत्रांचा गठ्ठा आणि एक मोठं पुडकं. चार वर्षं मी या बाईंना लिहीत होतो. त्यांच्या पोरीचा, एडाचा, कुठला दात कधी पडला तेसुद्धा मला ठाऊक. बाईंना पाहिलं मात्र आज पहिल्यांदा.

त्या म्हणत होत्या, "तुमचे आभार मानायला आले."

कशाबद्दल ते साहेबांना कळेना, पण आभार नाकारायची त्यांना सवय नाही. माझी कुठली भूमिका तुम्हाला विशेष भावली, असं त्यांनी विचारलं.

"भूमिका होय? आजच पाहिली. दुसऱ्या अंकात डोळा लागला, राग मानू नका. पहाटेच्या गाडीनं आले ना."

साहेबांचा चेहरा रंगाखालीसुद्धा पडलेला दिसला.

बाईंनी पाकिटातून बट काढली. "ही पाहताक्षणीच ओळखली मी. अठरा वर्षं खुर्च्यांच्या बैठकीत घोड्याचे केस भरतेय, साहेब. म्हटलं, गमत्या दिसतोय माणूस. पण एडा तापानं फणफणली होती, तेव्हा तुम्ही लिहिलंत तसं केलं, आणि पोर उठून बसली. त्यात गंमत नव्हती."

"हो, हो, आठवतं की. मी लिहिलं होतं..." आणि साहेब अडले.

साहेब अडले की माझं तोंड आपोआप उघडतं.

"कांद्याचं पोटीस. तळपायाला," मी मागून म्हणालो.

बाई सावकाश माझ्याकडे वळल्या. "आणि माझ्याबद्दल काय लिहिलं होतं?"

आता लपवून काय उपयोग होता? "सगळी रात्र जागू नका. शेजारणीला बसवा. तुम्ही आडव्या झालात तर पोरीला कोण बघणार?"

"अगदी हेच," बाई म्हणाल्या. त्या उठल्या आणि पुडकं माझ्या हातात दिलं. "मग हे तुमचं. घोड्याच्या केसांचंच आहे, पण चांगल्या घोड्याच्या."

आत लाल मखमलीची उशी होती, हातानं शिवलेली. बाईंनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला काही बोलायला सुचेना, आणि मला ओळ पुरवायला विंगेत कुणी नव्हतं.

बाई गाडी गाठायला गेल्या. मी ॲप्रन सोडून घडी घालायला लागलो.

"वर्षाला किती पत्रं येतात?" साहेबांनी आरशातून विचारलं.

हजारभर तरी येत असतील, असं मी सांगितलं.

"आणि माझ्याबद्दल काय म्हणतात?"

"इतका मायाळू माणूस दुसरा नाही म्हणतात, साहेब."

साहेब आरशात स्वतःकडे बघत राहिले. मग म्हणाले, "खरंच आहे ते. चालू ठेव. केस तेवढे बंद कर." मी ॲप्रन परत बांधायला घेतला, तसे म्हणाले, "आणि ती उशी इकडे दे. पत्रांखाली सही माझी आहे, तेव्हा उशी माझी."

मी दिली. नोकरी राहिली होती, बाईंनी हात हातात घेतला होता. अशा दहा उशा असत्या तरी दिल्या असत्या.

संध्याकाळच्या खेळात साहेबांनी ती सिंहासनावर ठेवली आणि पाचव्या अंकात तिच्यावर बसले. मिसेस क्लोक आत एक सुई विसरल्या होत्या.