कव्हरवर आई

किशनरावांनी निलंग्यात एकेचाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. त्यांच्या कॅमेऱ्यापुढे एकदाही उभा राहिला नाही असा माणूस तालुक्यात शोधून सापडला नसता. लग्नं, शाळेचे गट, आडतीतले हमाल, उसाच्या ट्रॅक्टरवर ऐटीत बसलेले नवे जावई. आता ते नांदेडला मुलीकडे राहत होते. मुलगी तनुजा कॉलेजात शिकवायची आणि त्यांच्या फोटोंचं पुस्तक काढत होती. शंभर प्रती, फक्त शंभर. पण गडबड अशी, की घरात लग्न निघालंय वाटावं.

छपाई लातूरला, माणिकप्पांच्या प्रेसमध्ये. माणिकप्पा निलंग्याकडचेच, जुन्या ओळखीचे. त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं, "ताई, सोळा पानांचा एक फर्मा. चार फर्मे धरा, चौसष्ट पानं. पासष्टावं मागू नका." बाइंडिंग शिलाईचं ठरलं. नुसतं चिकटवलं तर पुस्तक पुरतं उघडत नाही आणि जोडपानावरच्या फोटोतली मधली माणसं घडीत गडप होतात. कागदावरून बाप-लेक दोन शनिवार भांडले. तिला चमक नको होती, त्यांना हवी होती. ते भांडण सुखाचं होतं.

कव्हरचं मात्र तिनं आधीच ठरवून टाकलं होतं. कव्हरवर आई. गोदावरी काविळीनं गेली तेव्हा तनुजा चार वर्षांची होती. आईचा आवाज आठवत नाही, हात आठवत नाही. आठवतो तो भिंतीवरचा फोटो आणि त्यातले टपोरे, सरळ बघणारे डोळे. दहावीचा निकाल तिनं त्या डोळ्यांना सांगितला. नवऱ्याशी भांडून माहेरी आली तेव्हा त्यांच्याच पुढे रडली. खरं सांगायचं तर पुस्तक आण्णांचं, म्हणजे वडिलांचं होतं, पण हौस आईची होती.

फ्रेममधला फोटो लहान. मोठा केला तर दाणे दिसतील, मूळ निगेटिव्ह आणा, असं माणिकप्पांनी सांगितलं. आण्णा कुरकुरले. "फ्रेमवरनंच घ्या की. जुनं कशाला उकरायलीस?" म्हाताऱ्याचा कंटाळा, दुसरं काय, असं समजून तिनं एकटीनंच पत्र्याचे डबे उपसले. एका पाकिटावर आण्णांच्या अक्षरात 'गोदावरी' लिहिलेलं सापडलं. आत एकच निगेटिव्ह. तिनं उजेडाला धरून पाहिली. साडीचा काठ तोच, खांदे तेच. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं होतं, चेहऱ्यातलं काय कळणार?

पुढच्या शनिवारी आण्णांनाही घेऊन ती लातूरला गेली. माणिकप्पांनी निगेटिव्ह स्कॅन केली आणि स्क्रीनभर चेहरा उघडला. आईचे डोळे मिटलेले होते.

"पापणी लवली असेल," तनुजा म्हणाली. "दुसरी निगेटिव्ह आहे का, आण्णा?"

मग तिला नाकपुड्यांतला कापूस दिसला.

माणिकप्पांनी मान खाली घातली. त्या काळी ती रीतच होती. ज्याचा जिवंतपणी फोटो नाही, त्याला न्यायच्या आधी भिंतीला टेकवून बसवायचं आणि फोटो काढायचा. मग प्रिंटवर बारीक ब्रशनं कापूस झाकायचा, उघडे डोळे रंगवायचे, आणि त्या प्रिंटचा पुन्हा फोटो काढून घरच्यांना द्यायचा. या कामात किशनरावांचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं.

"जिवंतपणी एकही नाही काढला?" तनुजानं आण्णांना विचारलं.

"काढायचा व्हता," आण्णा म्हणाले. "घरातलीच बाई. आज न्हाई उद्या, म्हणत ऱ्हायलो. दारात गिऱ्हाईक असायचं."

दिव्याखाली अंधार म्हणतात, पण त्यालाही काही हद्द असते. सहा वर्षांचा संसार, घराला लागून स्टुडिओ, अख्ख्या तालुक्याला हसा म्हणून सांगणारा नवरा; आणि बायकोला कॅमेऱ्यापुढे बसवलं ते मेल्यावर. तनुजाच्या डोक्यात सणक गेली.

आणि आण्णा? ते स्क्रीनजवळ वाकून बघत होते. "ह्ये डोळे लई जड गेले मला. दोनदा पुसून काढले. पण बेचाळीस वर्षांत कुणाला कळलं का? तुला तरी कळलं?" आवाजात चक्क अभिमान होता.

तिला वाटलं आता रडू येईल. आलं नाही. इतकी वर्षं ती ज्यांच्यापुढे रडली, ते डोळे आईचे नव्हतेच. भिंतीवरून आईनं तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

"फ्रेमवरनं घेऊ, ताई. दाणे आले तर येऊ द्या," माणिकप्पा हळूच म्हणाले.

"नाही. हाच घ्या. असाच."

"कापसासकट?" आण्णा ताडकन सरळ झाले. "येडी झालीस का? लोक काय म्हणतील? माझं पुस्तक हाय त्ये!"

"तुमचंच आहे, म्हणून तर." ती माणिकप्पांकडे वळली. "फ्रेममधला आत, पहिल्या पानावर टाका. खाली ओळ द्या, डोळे किशनरावांनी काढले."

आण्णांनी स्क्रीनकडे पाठ केली. "एकच फोटो व्हता तिचा. त्यो बी नासवलास."

"तिचा एकही नव्हता, आण्णा," तनुजा म्हणाली, आणि कव्हरला कागद कुठला लावायचा ते माणिकप्पांना विचारू लागली.