गुंजांचा डबा

मी एक पत्र्याचा डबा. मुंबईत बिस्किटांसाठी जन्मलो, अंगावर दोन हिरवे पोपट घेऊन. बिस्किटं संपली, आणि १९८३ सालच्या शिमग्याला गंगारामच्या ट्रंकेत बसून मी रत्नागिरीकडच्या या वाडीत आलो. पोपट आता खरवडलेत. माझा तोरा मात्र बरीच वर्षं शाबूत होता, आणि तोच नडला.

गंगाराम मुंबईत औषधांच्या गोदामात हमाली करायचा. फुटक्या खोक्यांतून सुटलेल्या, कुणाला नको असलेल्या लाल-काळ्या कॅप्सूल तो शिमग्याला आणि गणपतीला घेऊन यायचा आणि माझ्यात भरायचा. वाडीने त्यांचं नाव ठेवलं गुंजा. दिसायच्याही तशाच. त्याची आई गोदा मला माजघरातल्या फळीवर, देवांच्या शेजारी ठेवायची.

"गोदाये, दोन गुंजा दे गो. धोंडूचा घसा सुजलाय."

कुणाला दोन, कुणाला तीन. गळू, खोकला, विळ्याचा घाव, एकदा तर बैलाच्या खुराची जखमसुद्धा. गोदाने कधी कुणाला नाही म्हटलं नाही. ताप उतरला की माणसं उरलेली गुंज इमानाने परत आणून द्यायची, पुढच्याला होईल म्हणून. अशी काटकसर आमच्या वाडीनेच करावी! मी झाकण मिटून मनात म्हणायचो, इथला डॉक्टर मीच. गर्वाचं घर खाली असतं, हे पत्र्याच्या डब्याला कोण सांगणार?

सत्त्याऐंशीच्या ज्येष्ठात गंगारामची बायको मथुरा तापाने फणफणली. नववा महिना होता. लग्नाला नऊ वर्षं झालेली, आधीची दोन पोटातच गेलेली. गोदाने दोन दिवस गुंजा दिल्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि माझं झाकण लागलं.

पुढच्या रविवारी मुलगी झाली. "नाक बघा, बापाचंच हाय!" सुईण सखू म्हणाली. घरोघर गूळ गेला.

मंगळवारी पोरीने प्यायचं सोडलं. रडणं बारीक झालं, मग नुसतं कुरकुरणं उरलं. गोदाने तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं.

"ताप न्हाय गो. उगाच भितेस."

इतक्या कोवळ्या जिवाला दुखणं जडलं तर ताप येतोच असं नाही, अंग गारही पडतं, हे गोदाला कुठून ठाऊक असणार? मला तरी कुठे होतं? तिने एक गुंज फोडली, चिमूटभर पूड दुधात कालवली आणि बोटाने चाटवली. माझ्यातलीच ती.

"आये, रत्नागिरीला नेऊया तिला," मथुरा म्हणाली.

"परवा पाचवी हाय. पाचवी पुजल्याबिगर बाळंतीण उंबऱ्याभायेर काढत न्हायत. सटवाई रागावंल."

गुरुवारी पाटा-वरवंटा मांडून पाचवी पुजली. शुक्रवारी सकाळी मथुरा कुणाला न विचारता उठली. पोरीला जुन्या लुगड्यात गुंडाळलं, काय दिलं ते दाखवायला मला पिशवीत घातलं आणि ओल्या बाळंतपणात कातळाचा उघडा सडा तुडवत एसटी गाठली. मागून गोदा धापा टाकत आली आणि शेजारी बसली.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पोरीला तपासलं, सुई टोचली, मग माझं झाकण उघडून विचारलं, "या कुणी घेतल्या? किती दिवस?" मथुराने सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"बाळाच्या रक्तात जंतू पसरलेत," त्या म्हणाल्या. "दोन-दोन गोळ्यांनी कच्चे जंतू मरतात, निबर तेवढे मागे राहतात. तेच मग या घरातून त्या घरात, आईकडून बाळाकडे फिरतात. असले जंतू या गोळ्यांना भीक घालत नाहीत."

शनिवारपर्यंत इंजेक्शनांनीही उतार पडला नाही. एक नवं औषध होतं, पण ते मुंबईहून यायला हवं होतं. गंगारामला तार गेली. पोरीला उबेला छातीशी धरून मथुरा खिडकीतून रस्त्याकडे बघत राहिली. मी खाटेखाली होतो. आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, माझ्यात नसलेलं काहीतरी कुणीतरी लवकर घेऊन यावं.

सोमवारी सकाळी पोर गेली. दुपारी गंगाराम आला, रुमालात सहा बाटल्या जपून बांधलेल्या. "कुठं हाय?" त्याने विचारलं. गोदाने पदर तोंडात कोंबला.

मथुराने त्याच्या हातातून रुमाल घेतला आणि डॉक्टरीणबाईंपुढे धरला. "दुसरं कुणाचं पोर येईल. त्याला समद्या द्या. अर्ध्या नको."

गोदाने माझ्यातल्या गुंजाही तिथेच बाईंच्या टेबलावर ओतल्या. अजून कुणी मागायला आलं की ती म्हणते, "डबा रिकामा हाय. इस्पितळात जा, आणि देतील त्या समद्या खा." काहीजण तोंड वाकडं करून जातात. जाऊ देत. तुमच्या घरातलं बाळ प्यायचं थांबलं, गार पडलं, तर तुम्ही मात्र पाचवीसाठी खोळंबू नका. सटवाई थांबेल, जंतू थांबत नाहीत.

दोन वर्षं झाली. माझ्यात काही नाही. पोरीचं बारसं झालंच नाही. इस्पितळाच्या कागदावर 'मथुरा गंगाराम हिची मुलगी' एवढंच आहे. मथुराने मात्र मनाशी एक नाव ठरवलं होतं. ते तिने गंगारामलाही सांगितलेलं नाही. दुपारी गोदा परसात गेली की ती मला फळीवरून उतरवते, झाकण काढते, माझ्यावर वाकते आणि हलक्या आवाजात त्या नावाने हाक मारते. एकदाच. मग कान लावून थांबते.

मला ओ देता येत नाही.