हरणाऱ्याची बाजू

सिनेमा संपला, पडद्यावर नावं वर सरकायला लागली, आणि मामांनी ठरवून टाकलं की आज या इन्स्पेक्टरचं तोंड फाटेस्तोवर कौतुक करायचं.

खरं तर त्या इन्स्पेक्टरला बघून त्यांच्या डोक्यात तिडीक गेली होती. सिनेमा जुन्या काळातला, म्हणजे मामा अर्ध्या चड्डीत हिंडायचे त्या काळातला. सराफाची तिजोरी फुटते, पहारेकरी जिवानिशी जातो आणि लांब कोट घातलेला इन्स्पेक्टर गल्लीबोळांतून चोर हुडकत फिरतो. मोटारी जुन्या, टेलिफोन काळे, टोप्या तिरक्या, सगळं कसं झकास जमवलेलं. आणि मधोमध हा ठोंब्या! पहारेकऱ्याच्या बायकोला बातमी सांगताना जे थोबाड, तेच पाव खाताना. टोळीचा म्होरक्या झालेला म्हातारा नट नुसतं नाक शिंकरून भाव खाऊन गेला, पण या पठ्ठ्याच्या कपाळावरची आठी काही हलली नाही. याच्यापेक्षा मागची भिंत बरा अभिनय करते, असं मामा मनातल्या मनात तीनदा तरी म्हणाले.

तरी कौतुक करणं भाग होतं, कारण शेजारच्या खुर्चीवर दाजी बसले होते.

दाजी म्हणजे मामांच्या ताईचे यजमान. पेशानं शिंपी, पुरुषांचे कपडे शिवणारे. त्यांचं दुकान आणि मामांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान एकाच रस्त्यावर, इथून हाक मारली तर तिथे ऐकू जाईल इतकं जवळ. आणि दाजींचा स्वभाव म्हणाल तर वाद घातल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागायचं नाही. बाही आखूड झाली असं एखादं गिऱ्हाईक म्हणालं, की त्याला आरशासमोर उभं करून सांगायचे, "बाही बरोबर आहे, तुमचे हात लांब आहेत." आणि गंमत म्हणजे गिऱ्हाईक मान डोलावून, कपडे घेऊन जायचं.

ताई गेली आणि हा माणूस विझलाच. जेवता का? बरं. पंखा बंद करू? बरं. बाही आखूड झाली. बरं. मामा मुद्दाम दुकानात जाऊन काहीबाही उलटसुलट बोलून बघायचे, पण दाजी कापडावरून हात फिरवत म्हणायचे, "हो रे, असेल तसं." मामांना तेव्हा गळा काढून रडावंसं वाटायचं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

मग दाजींची मुलगी आली, मामांची भाची. दुसऱ्या शहरात नोकरी करते, आईसारखीच हुशार आणि आईसारखीच हट्टी. "बाबा, दुकान बंद करा आणि माझ्याकडे राहायला चला," ती म्हणाली. दाजी म्हणाले, "बरं." झालं! रविवारी सामान हलवायचं ठरलं, मशीन न्यायलासुद्धा माणूस बघून झाला.

दाजी नसताना मामांनी भाचीला त्यांच्या दुकानात गाठलं. "अगं, ते बरं म्हणाले म्हणजे हो म्हणाले असं नव्हे."

"मग काय म्हणाले?"

"काहीच नाही म्हणाले. तो माणूस घरातच नाहीये सध्या, नुसता आवाज येतोय."

"म्हणूनच नेतेय ना मी!" भाचीचे डोळे भरले, पण आवाज काही खाली आला नाही. "इथे एकटे बसून काय होणार त्यांचं? मामा, मला एकदा ते नाही म्हणालेले दाखव. एकदाच. परत विषय काढणार नाही, आईशप्पथ."

आता दाजींना सिनेमाखेरीज दुसऱ्या कशानं चेतवणार? मामांनी पेपरात जाहिरात बघितली आणि तिघांची तिकिटं काढली. त्यात मामांचा स्वतःचाही स्वार्थ होता, उगाच कशाला लपवा. दाजी निघून गेले असते, तर ताईचा आवाज ज्याला आठवतो असं आख्ख्या रस्त्यावर मामांखेरीज कुणी उरलं नसतं. एकट्यानं कुणाची आठवण काढत बसणं म्हणजे काय शिक्षा असते, ते मामांना लहानपणी आई गेल्यावर कळता कळता राहिलं होतं. तेव्हा निदान ताई होती.

ताईचं लग्न झाल्यापासून तिघांचा एक शिरस्ता होता. सिनेमा दुपारचाच बघायचा. बाहेर पडल्यावर रस्त्यात सिनेमाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. कोपऱ्यावरच्या हॉटेलात, हात धुवायच्या बेसिनशेजारचं टेबल धरायचं. चहा पुढ्यात आला, की मग तोंड सोडायचं. मामा आणि दाजी असे काही हमरीतुमरीवर यायचे, की मालक गल्ल्यावरून उठून बघायचा. कुठल्या नटानं सीन खाल्ला, कुठल्यानं घाण केली, खुनी आधीच कळला होता की नव्हता, एकेका सिनेमाची चिरफाड व्हायची. एका स्मगलरच्या सिनेमावरून तर दोघं पुढचा आठवडाभर बोलत नव्हते. ताई बिचारी एका दुकानातून दुसऱ्या दुकानात निरोप पोचवत होती.

आणि ताई? ती चहात साखर ढवळत ऐकत बसायची. दोघांतला एक जण घायकुतीला आला, त्याला बोलायला शब्द सुचेनासे झाले, की साखरेचं भांडं त्याच्यापुढे सरकवायची आणि म्हणायची, "थांबा जरा. त्याचं काय चुकलं?" मग त्याची बाजू घेऊन अशी काही भांडायची, की जिंकत आलेला गपगार. तो गप झाला, की हरणाऱ्याला चेव यायचा. त्याला जास्तच चेव आला, की भांडं परत उलट्या बाजूला. "ताई, तू नक्की कुणाच्या बाजूची गं?" मामा वैतागून विचारायचे. "चहा संपू दे, सांगते," ती म्हणायची. चहा संपायचा, ती पदर सावरत उठायची आणि सांगायचं राहून जायचं. मामांना मात्र आतून पक्की खात्री होती, की ताईला खरं पटतं ते आपलंच. दाजींकडे नवरा म्हणून जरा झुकायची, एवढंच.

आजही रस्त्यात कुणी बोललं नाही. हॉटेलात टेबल तेच, बेसिनवरचा आरसाही तोच, फक्त कोपऱ्यातून तडकलेला. भाची नेमकी आईच्या खुर्चीत बसली. लहानपणी ती याच टेबलावर डोकं टेकून झोपायची आणि मोठ्यांचं भांडण संपलं की तिला उचलून न्यावं लागायचं. मामांनी तिकडे बघायचं टाळलं.

चहा आला. मामांनी घसा खाकरला.

"काय इन्स्पेक्टर रंगवलाय! असं काम गेल्या कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं."

दाजींनी कपातून वाफ फुंकली. "हो. बरा होता."

"बरा? अहो, तोड नाही!"

"हो. असेल."

मामांनी मग हुकमी पान टाकलं. "आणि कपडे, दाजी! तो कोट! काय बेतलाय, वा! अंगावर ओतल्यासारखा!"

कोट बगलेत धरला होता, काखेत आवळत होता, हे घड्याळवाल्या मामांनासुद्धा दिसलं होतं. दाजींच्या पापण्या जराशा हलल्या. "हं," दाजी म्हणाले आणि बशीत चहा ओतायला लागले.

संपलं. मामांचे खांदेच पडले. दाजींसमोर कोणी वाईट कोटाला चांगलं म्हणतं आणि दाजी "हं" म्हणतात, आता आणखी काय बघायचं राहिलं?

पण भाचीला राहवलं नाही. तिला सिनेमातलं कळतं, आणि गप्प बसणं तिच्या रक्तात नाही. "मामा, काहीही काय! तो इन्स्पेक्टर? अरे, लाकूड होता नुसता!"

"लाकूड नव्हे, संयम म्हणतात त्याला," मामा म्हणाले. स्वतःच्याच कानांना ते खोटं वाटलं.

"कसला संयम? पहारेकऱ्याची बायको रडतेय आणि हा तिच्याकडे असा बघतोय, जसं काही बसची वाट बघतोय. म्हातारा म्होरक्या बघ, चाकू पुसताना मुलीचं नाव घेतो, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आणि हा? केस बघितलेस त्याचे? आत्ता सलूनमधून आल्यासारखे. त्या काळात असे केस होते?"

"होते काहींचे."

"कुणाचे? तुझे?"

मामांना म्हातारा म्होरक्या जीव तोडून आवडला होता. भाचीचा शब्दन् शब्द त्यांना पटत होता, आणि त्यामुळेच तोंडात एक धड वाक्य येईना. "त्याची चाल तरी... रुबाबदार..." ते चाचरले.

"चाल? मान अवघडल्यासारखा तर चालत होता! मामा, सांग ना, एक तरी जागा सांग जिथे त्यानं काम केलं. एक."

मामांना एकही जागा आठवेना. नसलेली आठवणार तरी कुठून? त्यांनी चहाचा घोट घेतला तर कप रिकामा. आपणच खणलेल्या खड्ड्यात आपण पडलो, दाजींचं काही झालं नाही आणि रविवार परवावर आला. ताई असती तर, असं त्यांच्या मनात आलं.

साखरेचं भांडं टेबलावरून सरकत आलं आणि मामांच्या कपाला टेकलं.

"थांब जरा," दाजी म्हणाले. "त्याचं काय चुकलं?"

भाचीचा हात कपाच्या कानात तसाच राहिला. मामांनी भांड्याकडे बघितलं, मग दाजींकडे. दाजींनी चष्मा काढून खिशात ठेवला होता. वाद घालायच्या आधी ते नेहमी असंच करायचे.

"मान अवघडल्यासारखा चालत होता म्हणालीस. चालणारच! कोट बगलेत धरलाय त्याला. कुठल्या अडाण्यानं शिवलाय कोण जाणे, पण असल्या कोटात हात खांद्याच्या वर जात नाही, माणूस ताठच राहतो. आणि तो घरी येतो, तो सीन बघितलास का?"

"कुठला? त्यात काहीच होत नाही, बाबा."

"काही होत नाही? तो कोट काढायला बघतो. एक बाही सुटत नाही. असला कोट मागून कुणालातरी ओढावा लागतो. तो दाराकडे पाठ करून जरा वेळ उभाच राहतो. मग सुटलेला खांदा परत आत घालतो आणि कोटासकट खुर्चीत झोपतो." दाजींचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. "चेहरा हलत नाही म्हणतेस. अगं, घरी बघायला कुणी नसलं, की कुणासाठी हलवायचा चेहरा?"

मामांनी मान खाली घातली. रोज दुकानात जाऊन या माणसाला डिवचत होतो आणि घरी गेल्यावर तो काय करत असेल हे एकदाही मनात आलं नाही, याची त्यांना लाज वाटली.

भाचीचे ओठ थरथरले. पण ती आईची लेक होती. "ते दिग्दर्शकाचं डोकं आहे," ती नेटानं म्हणाली. "त्याला कशाला श्रेय?"

"वा गं वा! कोटात दिग्दर्शक शिरला होता का?"

"उभं कर म्हटल्यावर कुणीही उभं राहील!"

"कुणीही? राहून दाखव! पाठीनं बोलणं सोपं वाटलं काय तुला?" दाजींनी टेबलावर थाप मारली. बशी उडाली, गल्ल्यावरचा मालक उठून उभा राहिला आणि ओळखीचं हसून परत बसला. मग जी जुंपली! म्हातारा म्होरक्या नुसता नाकानं अभिनय करतो, असं दाजी म्हणाले. नाक तरी हलतं, असं भाची म्हणाली. मामांना मध्ये तोंड घालायला फट मिळेना आणि त्यांना इतका आनंद झाला होता, की ती नकोच होती.

बोलता बोलता भाची एकदम थांबली. तिनं मामांकडे बघितलं, मग दाजींकडे. "बाबा, मशीन न्यायला रविवारी माणूस येतोय. सकाळची वेळ देऊ?"

"कसलं मशीन?"

"तुमचं."

"नाही," दाजी म्हणाले. "माझ्या मशीनला कुणी हात लावायचा नाही. आणि मी कुठे येत नाही. तूच येत जा सुट्टीला. विषय बदलू नकोस, म्हाताऱ्याचं काय सांगत होतीस?"

"काही नाही," भाची म्हणाली. "तोंड धुऊन येते." ती उठून बेसिनपाशी गेली आणि नळ मोठा सोडून, पाठ करून उभी राहिली.

दाजी जरा पुढे झुकले. "खरं सांग. तुला तो इन्स्पेक्टर आवडला?"

"छ्या!" मामा म्हणाले. "ठोंब्या होता."

"ठोंब्याच होता."

"मग त्याची बाजू कशाला घेतलीत?"

"तू हरत होतास ना."

मामांनी साखरेचं भांडं उगाच जवळ ओढलं, परत ठेवलं. मग म्हणाले, "ताई तुमची बाजू घ्यायची ती अशीच, दया येऊन. मनातून तिला माझंच पटायचं."

"तुझं?" दाजी खुर्चीतून अर्धे उठले. "तुला सिनेमातलं काय कळतंय, असं म्हणायची ती घरी!"

"खोटं! माझ्या ताईनं असं म्हणणं शक्य नाही!"

"तुझी ताई? आणि माझी कोण होती?"

"दोन चहा आणखी!" मामा गल्ल्याकडे ओरडले. "नाही, तीन!"

भाची तोंड पुसत आली, आईच्या खुर्चीत बसली, साखरेचं भांडं हाताशी घेतलं आणि दोघांतलं कोण हरतंय ते बघायला लागली.