पंचावन्नच्या आत

कर्णबधिर खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून ठकीला बाद करायची वेळ आली, ती तिला जास्त ऐकू येतं म्हणून. सव्वीस वर्षांत हा आरोप तिच्यावर पहिल्यांदाच होत होता.

ठकी गोळाफेक करायची. एरवी ती एका मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला होती. यंत्रातून ओल्या चादरींचे पिळे उपसायचे आणि ढकलगाडीत टाकायचे, सकाळी सातपासून तीनपर्यंत. तिच्या दंडांचं श्रेय मास्तर स्वतःकडे घेत, पण निम्मं तरी चादरींचं होतं. मास्तर म्हणजे तिचे प्रशिक्षक. ते स्वतः ठार बहिरे, आणि स्वभावाने अबोल. म्हणजे हातसुद्धा मोजून हलवायचे.

संघाबरोबर ऐकू येणारं कुणीतरी एक माणूस असावं म्हणून ठकीची आत्या आली होती. आत्याने पस्तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे काढली होती. फॉर्म दिसला की तिची कळी खुलायची. संघातल्या अकरा जणांचे फॉर्म तिने विमानातच भरून टाकले आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून झोपली.

स्पर्धेचा नियम साधा होता. त्यातल्या त्यात बऱ्या कानाचा दोष निदान पंचावन्न डेसिबल हवा. आकडा जितका मोठा, तितकं कमी ऐकू येतं. ठकीचा घरून आणलेला दाखला अडुसष्टचा होता. ती तपासणी तिला झोपवून, डोक्याला तारा चिकटवून केलेली होती. इथे आल्यावर चिठ्ठ्या टाकून काही खेळाडूंना पुन्हा तपासत. त्यात ठकीचं नाव निघालं.

तपासणीची खोली म्हणजे एका व्यायामशाळेच्या कोपऱ्यात ठेवलेली, आतून गादी लावलेली पेटी. पुढे काच. काचेपलीकडे टेबलाशी कान तपासणारा बसला होता. टक्कल, चष्मा, समोर थंड झालेली कॉफी. ठकीच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. ठकीने दाबलं. वीस मिनिटांनी तो बाहेर आला आणि कागद आत्याच्या हातात दिला.

"अठ्ठेचाळीस," तो म्हणाला. "आणि दाखल्यावर अडुसष्ट. वीसचा फरक कान देत नाही. दाखला देणारा देतो."

"दाखला सरकारी इस्पितळाचा आहे," आत्या म्हणाली. "शिक्का बघा."

"शिक्का छान आहे," तो म्हणाला. "मला उद्या सकाळी वर अहवाल द्यायचा आहे. परवा हिची स्पर्धा आहे ना? मग फार तर उद्या आठला एकदा पुन्हा बघतो. तारांचं यंत्र इथे नाही. बटणावरच बघणार."

दुपारी जेवणघरात ही बातमी ठकीच्या आधी पोचली होती. तिच्या टेबलावरच्या दोन धावपटू पोरी जरा सरकून बसल्या. थाळी फेकणाऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही ती रात्री चोरून रेडिओ ऐकत असावी. मग मागून कुणीतरी मुद्दाम लोखंडी ट्रे जमिनीवर टाकला. फरशी हलली, ती ठकीच्या तळव्यांना जाणवली, आणि तिने मान वळवली. संपलं. सगळ्या जेवणघराने मान डोलावली. खरं तर ट्रे पडल्यावर आणखी निदान तिघांनी मान वळवली होती, पण त्यांना कुणी विचारत नव्हतं.

मास्तर जेवण संपवून तिच्यासमोर येऊन बसले.

"तुला ऐकू येतं?" त्यांनी हातांनी विचारलं.

"नाही."

"किती वर्षांपासून?" ते म्हणाले. यात विनोद आहे की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळायची सोय नव्हती.

खोलीवर आल्यावर आत्याने ठकीला पलंगावर बसवलं. आत्या आणि भाची दोघी घरच्या खुणांनी बोलत. त्यातल्या काही खुणा बाहेरच्यांना कळत नसत आणि काही कळू नयेत अशा होत्या.

"नीट सांग. बटण कधी दाबत होतीस?"

"आवाज आला की."

"आवाज येत होता?"

ठकीने विचार केला. "वाटत होतं की आता आला असेल."

"आणि बघत कुठे होतीस?"

"त्याच्याकडे. तो कळ दाबतो ना, तेव्हा त्याचा उजवा खांदा थोडा..." ती थांबली.

आत्या समोरच्या पलंगावर बसली. जरा जोरात बसली.

हे तिनेच शिकवलेलं होतं. ठकी सहा वर्षांची असताना साध्या शाळेत तिला घ्यायला मुख्याध्यापिका तयार नव्हत्या. कानाचा बरा दाखला आणा म्हणाल्या. तेव्हा आत्याने तिला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवून महिनाभर तालीम दिली. डॉक्टरच्या खांद्यावर नजर ठेव. खांदा हलला की दाब. दोन वेळा मुद्दाम चुक, म्हणजे संशय येणार नाही. दाखला उत्तम आला. शाळा मिळाली. त्या शाळेत ठकी दहा वर्षं पहिल्या बाकावर बसली आणि मान डोलावत राहिली. गणित फळ्यावर असायचं म्हणून तरली. बाकीचं तिने घरी पुस्तकातून एकटीने ओढून काढलं. वर्गात लोक हसले की ती अर्ध्या क्षणाने हसायची. त्यात ती इतकी तरबेज झाली की शेवटी कुणाला पत्ता लागला नाही, आणि मैत्रीणही झाली नाही.

"माझंच चुकलं," आत्या म्हणाली.

"शाळा मिळाली की," ठकी म्हणाली.

"राग आहे माझ्यावर?"

"होता. आठवीत." ठकीने जरा हिशोब केला. "नववीतपण."

आत्याने मान हलवली. पोस्टाच्या खिडकीवर एखादी खरी तक्रार आली की ती अशीच मान हलवून ती लिहून घ्यायची.

"उद्या मी त्याला सगळं सांगते," आत्या म्हणाली.

"तू नको. मी सांगते."

सकाळी आठला ठकीने कान तपासणाऱ्याच्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली. तिला येत होती तेवढ्या त्याच्या भाषेत तिने लिहिलं होतं: काल मी आवाज ऐकला नाही. तुमचा खांदा बघितला. लहानपणची सवय आहे. माझी खुर्ची भिंतीकडे करा.

त्याने चिठ्ठी दोनदा वाचली. मग स्वतःच्या उजव्या खांद्याकडे पाहिलं.

"बावीस वर्षं हे काम करतोय," तो आत्याला म्हणाला. "कुणी बोललं नाही."

"तुमच्याकडे नाही म्हणणारे येतच नसतील," आत्या म्हणाली. त्याला ते कळलं नाही. तिलाही नीट कळलं नव्हतं.

त्याने खुर्ची फिरवली. आत्याला बाहेर बसवलं. पेटीचं दार लागलं आणि ठकीसमोर फक्त करडी गादी राहिली.

पहिली दोन-तीन मिनिटं काहीच झालं नाही. तिचा अंगठा बटणावर सारखा शिवशिवत होता. इतका वेळ न दाबता बसणं म्हणजे नापास होणं, एवढंच त्या अंगठ्याला माहीत होतं. तिने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. ती कुणाकडे बघत नव्हती आणि तिच्याकडे बघणारं कुणी तिला दिसत नव्हतं. मग हळूहळू लक्षात आलं की इथे हसायचं नाही, मान डोलवायची नाही, कुणाचे ओठ धरायचे नाहीत. इतकं शांत ती कधी बसलीच नव्हती. मध्येच खूप लांबून एक जाडसा आवाज आला. तिने दाबलं. पुन्हा बराच वेळ काही नाही. सगळं मिळून अकरा वेळा दाबलं असेल. दार उघडलं तेव्हा तिला उठायची घाई नव्हती.

"एकोणसत्तर," कान तपासणारा म्हणाला. कालचा आकडा त्याने पट्टी धरून खोडला आणि शेजारी सही केली. आत्याने ती सही, तारीख आणि शिक्का तीनही तपासले आणि मगच कागद घेतला.

मास्तरांनी कागद जेवणघराच्या दारावर चिकटवला. दोघी धावपटू पुन्हा शेजारी येऊन बसल्या आणि त्यातल्या एकीने आपलं केळं ठकीला दिलं. माफी एवढीच.

दुसऱ्या दिवशी मैदानावर ऊन होतं. ठकीची पहिली फेक फुकट गेली. पाय वर्तुळाबाहेर पडला, पंचाने लाल झेंडा दाखवला. दुसरी अकरा मीटर सत्तर. तिसरीला ती वर्तुळात उभी राहिली, गोळा मानेशी दाबला, आणि या वेळी पंचाकडे, प्रेक्षकांकडे, मास्तरांकडे, कुणाकडेच बघितलं नाही. गोळा बारा मीटर आठवर पडला. आजवरची तिची सर्वांत लांब फेक. पांढरा झेंडा वर गेला. बाकावरच्या लोकांनी दोन्ही हात वर करून हलवले, म्हणजे बहिऱ्यांच्या टाळ्या वाजवल्या, तेव्हा आत्या उठून उभी राहिली आणि विसरून टाळ्या वाजवायला लागली. तिच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही.

ठकी सहावी आली. मास्तर म्हणाले, उजवा पाय आळशी आहे. पहिली आलेली बाई ठकीपेक्षा हातभर उंच होती आणि तिच्या खुणा निराळ्याच होत्या, पण तिने ते बोलणं पाहिलं आणि मध्ये पडली. पाय आळशी नाही, उशिरा वळतो, असं तिचं म्हणणं होतं. तिने वर्तुळात जाऊन करून दाखवलं. मग ठकीने पाण्याची बाटली मानेशी धरून करून दाखवलं. चूक, पुन्हा. मास्तर हात बांधून उभे राहिले. मैदानावरचे कामगार पट्ट्या गुंडाळायला आले, तरी या दोघी वळतच होत्या.