खोली एकोणीस, बकुळा घाडी

मी एक जुना लाकडी फलक आहे. काळाचौकीच्या एका चाळीत, जिन्याखालच्या भिंतीवर चार खिळ्यांनी ठोकलेला. मित्रांनो, माझा फोटो काढायला आला असाल, तर आधी मोबाइल खिशात घाला. मग ऐका.

गंगाधर पेंटरने मला काळा रंग दिला आणि पांढऱ्या अक्षरांत माणसं लिहिली.

खोली १७. दगडू शेलार.
खोली १८. रखमा तांबे.
खोली १९. बकुळा घाडी.

दगडू वारून बारा वर्षं झाली. घरातलं कुणी राहत असेपर्यंत आमच्याकडे नाव पुसत नाहीत. पूर्वी पोस्टमन, गावाहून आलेले पाहुणे मला वाचून वर जायचे. आता सगळे फोन करून येतात. माझ्यावर क्लासच्या जाहिराती चिकटवतात. चिकटवा.

मग हितेंद्र आला. दादरचा. कथा लिहिणारा. त्याने माझा फोटो काढला आणि फोनवर कुणाला तरी म्हणाला, "काय नावं आहेत यार! बसून सुचली नसती. आणि सगळी जुनी माणसं, कधीच गेली असतील. बिनधास्त वापरतो."

रंग माझा उडाला होता. मेलेली ठरली माणसं.

मंडळाच्या गणपतीचा चांदीचा मुकुट चाळीतल्याच एका घरी असतो, हे त्याला कोपऱ्यावरच्या चहावाल्याने सांगितलं. कुणाच्या घरी, ते त्याने विचारलं नाही.

दिवाळी अंकात कथा आली. तिच्यात काळाचौकी होती, आमची चाळ होती, खोली एकोणीस होती. आणि मुकुट वितळवून विकणारी बकुळा घाडी.

खरी बकुळा तेवीस वर्षं तो मुकुट सांभाळत होती. चिंचेने घासून, मलमलीत गुंडाळून.

मंडळाच्या अध्यक्षाने, जगदीशने, तिला माझ्यासमोरच गाठलं. "काकी, आमचा विश्वास आहे ओ. पण लोक बोलतात. यंदापासून मुकुट ऑफिसच्या तिजोरीत ठेवू या."

तिने वर जाऊन मुकुट आणला. दिला.

मार्चमध्ये हितेंद्र पुन्हा आला. नवी नावं हवी होती. बकुळा भाजीची पिशवी घेऊन उतरत होती. कथेबरोबर छापलेल्या त्याच्या फोटोवरून तिने त्याला ओळखलं.

"मी बकुळा घाडी."

तो हसला. मग हसायचा थांबला. "काकू, ती गोष्ट काल्पनिक आहे. खाली तसं छापलंय."

"खोली एकोणीस पण काल्पनिक? मगे मी खंय रवतंय?"

"नाव फक्त वातावरणासाठी…"

"मगे तुझ्या आवशीचा नाव घाल. नि दादरचो पत्तो."

"आईचं कसं घालणार?" तो पुटपुटला.

"आता खरा बोललंस," बकुळा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने गंगाधरला बोलावलं. त्याने विचारलं, "काकी, पुसू?"

"पुसतंस कित्याक? फुडे लिही."

त्याने लाल रंगात लिहिलं: हयात.

मुकुट मात्र परत आला नाही. तो तिजोरीतच आहे.

मित्रांनो, तुमच्या गोष्टीतल्या चोराला नाव आणि पत्ता हवा असेल, तर डोकं चालवा. माझ्यावरचंच हवं असेल, तर वर जा, दार वाजवा आणि उघडणाऱ्या बाईच्या डोळ्यांत बघून विचारा, "तुम्हाला चोर करू का?"